आईच्या गावची वाट

इटली, ६ मार्च १९४५

ती. आईस व ताईस,
अमादेऊचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून ताईने रुसून बसू नये. बोटं गारठली की पेन्सिल धरवत नाही. आता बर्फ वितळतंय आणि त्याच्या जागी चिखल आलाय. आपल्याकडचा लाल चिखल माणसाला निदान ओळख देतो. हा राखाडी आहे आणि बूट गिळतो. मी बरा आहे. कॉर्पोरलची फीत मिळाल्यापासून काम बदललंय. तोफखान्याच्या लेफ्टनंट साहेबांबरोबर मी पुढच्या डोंगरावर असतो. ते दुर्बिणीतून बघून आकडे सांगतात, मी ते टेलिफोनवरून मागे तोफांकडे पोचवतो. बसून करायचं काम आहे, तेव्हा आईने उगाच नवस बोलू नयेत.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. गावांची नावं लिहिली तर पत्राला कात्री लागते, म्हणून नाव लिहीत नाही. पण आई, समोरच्या दरीपलीकडे उंचावर एक गाव आहे. चौकोनी मनोरा, वीज पडून त्याचा वरचा कोपरा तुटलेला. मनोऱ्याखाली चर्च, आणि चर्चला पाठ लावून एक उंच, अरुंद घर, पुढच्या भिंतीला एकही खिडकी नसलेलं. नकाशावर तुझ्या गावाचं नाव वाचलं आणि आकडे पोचवायचे राहून गेले. लेफ्टनंट साहेबांनी विचारलं, की पोट बिघडलं का.

गावात जर्मन आहेत. पण त्या घराच्या धुराड्यातून रोज सकाळी बारीक धूर निघतो. सैनिकांच्या चुलीचा धूर असा नसतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाची चूल असावी तसा आहे. ओर्सोलामावशी जिवंत असेल का? तिचं नाव घरात काढायचं नाही हा तुझा नियम मला माहीत आहे. पण मी रोज उठून तिच्या धुराड्याकडे बघतो, तेव्हा नियम मोडलाच म्हणायचा.

इल्देऊ पायदळात, आमच्याच डोंगराच्या कुशीत आहे. आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि माझी गुळाची ढेप निम्मी करून जातो. ताईला नमस्कार सांगतो, आणि विचारतो, की दोन पत्रं पाठवली ती पोस्टाने खाल्ली की ताईने.

तुमची माया इथवर पोचते आहे, ती आटू देऊ नका.

तुमचा,
अमादेऊ


पेद्रा आल्ता, २२ मार्च १९४५

चि. अमादेऊ यास,
आईचे व एर्सीलियाचे अ. उ. आ.

आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे. मध्ये मी बोलले तर कंसात बोलेन. (तुझा धुराचा परिच्छेद तिने चार वेळा वाचायला लावला. चुलीवरचा घेवडा करपला. आम्ही तो तसाच खाल्ला.)

ते घर आपलंच. उत्तरेचा वारा झोंबायचा म्हणून आजोबांनी पुढे खिडकी ठेवली नाही. धूर ओर्सोलाचाच असणार. ओली लाकडं घालायची खोड तिची, बारीक धूर निघतो आणि अख्खं घर खोकतं. मी १९०६ साली या देशात यायला बोटीत चढले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दोन वर्षांत परत येते असं मी बाबांना म्हटलं होतं. ओर्सोला मागे राहिली, बाबांचं सगळं तिने केलं. मग माझं लग्न झालं, तुम्ही दोघं झालात, आणि बाबा वारले. १९१४ साली तिचं एका ओळीचं पत्र आलं, की आमच्या लेखी तूही मेलीस. मी उत्तर लिहिलं नाही. चूक कोणाची हे तू विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुम्ही लोक त्या गावाकडे समोरून बघताय. समोरून ते गाव कोणाचं झालेलं नाही. आम्ही पोरी मागून चढायचो. खाली ओढ्याला जुनी गिरणी आहे, तिच्या पाठीमागे चेस्टनटच्या झाडीत शिरलं की एक पाऊलवाट लागते. बाहेरून वाट आहे असं वाटतच नाही. ती थेट कपडे धुवायच्या टाकीपाशी निघते आणि तिथून आपलं घर वीस पावलांवर. पाठीवर चेस्टनटची पोती घेऊन मी आणि ओर्सोला शर्यत लावायचो. ती जिंकायची, कारण ती माझा पाय ओढायची.

इल्देऊकडे लक्ष ठेव. बेचाळीस साली जर्मनांनी आपली जहाजं बुडवली आणि इटली त्यांच्या बाजूची, तेव्हा आम्हाला शत्रू म्हणत लोक दगड घेऊन दाराशी आले, त्या दिवशी फिर्मिनो हातात घण घेऊन आपल्या उंबऱ्यात उभा राहिला होता. घोड्यांना नाल ठोकणारा माणूस तो. लोक परत गेले. त्याचा तो एकुलता एक पोरगा आहे. तू बसून काम करतोस आणि तो चालून करतो, हे मला आवडलेलं नाही.

(गिरणीत खाकी कापडासाठी दोन-दोन पाळ्या चालू आहेत, कानात मागाचा आवाज घेऊनच झोपते. सोबतची घडी इल्देऊसाठी आहे. उघडून वाचलीस तर मला कळेल.)

जपून राहा, आणि आमच्यावरची माया तिथल्या चिखलात बुडवू नकोस.

आई,
एर्सीलियाच्या हस्ते


इटली, ९ एप्रिल १९४५

ती. आईस व ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. घाईत लिहितोय. आई, तू लहानपणची जी शर्यत सांगितलीस ती मी लेफ्टनंट साहेबांना सांगितली. त्यांनी नकाशा काढला, मग मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले. मोठ्या साहेबांनी विचारलं, की हे कळलं कुठून. मी म्हटलं, आईकडून. कोणी हसलं नाही. यापुढचं लिहिता येत नाही. एवढंच सांगतो, की तुझ्या आठवणीचा उपयोग होईल असं दिसतंय, आणि तसं झालं तर त्या धुराड्याला धक्का लागणार नाही.

ताईची घडी न उघडता इल्देऊला दिली. तो वाचत पलीकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याने माझी अर्धी ढेप मला परत दिली. चिठ्ठीत काय लिहिलंस ते तूच जाण.

सगळेजण म्हणतात, की ही शेवटचीच चढाई आहे. असं म्हणणाऱ्यांना झोप मात्र लागत नाही. मलाही नाही.

लोभ धरून ठेवा.

अमादेऊ


इटली, १८ एप्रिल १९४५

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. क्लाउदियोनोर नावाचा माझा सोबती पाय गमावून घरी निघालाय, त्याच्या हाती देतोय. तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. आईला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

इल्देऊ गेला.

कसं झालं ते लिहितो. चढाईच्या आधी त्या गावावर सकाळभर तोफा चालवायच्या असं ठरलेलं होतं. ते आकडे टेलिफोनवर मीच बोलणार होतो. आईचं पत्र आलं आणि मला वाटलं, मागून वाट असेल तर तोफांची गरजच पडणार नाही. म्हणून मी सांगितलं. ताई, खरं सांगायचं तर मी सैन्याच्या भल्यासाठी सांगितलं नाही, धुराड्यासाठी सांगितलं.

वाट बघून यायला नऊ जणांची गस्त निघाली. मी जातो म्हटलं तर लेफ्टनंट साहेब म्हणाले, तू टेलिफोन सोडायचा नाहीस. इल्देऊने आपण होऊन नाव दिलं. त्याला म्हटलं, तुझी पाळी नाही, कशाला जातोस. तो म्हणाला, की चेझिराकाकूंनी सांगितलेली वाट आहे, दुसरा कोणी चुकेल. बारा तारखेला पहाटे गेले. वाट आई म्हणाली तशीच होती, गिरणीमागून, झाडीतून. वर टाकीपाशी जर्मनांनी सुरुंग पेरून ठेवले होते. इल्देऊ पुढे होता. तो आणि त्याच्या मागचा एक असे दोघं तिथेच राहिले. वरून गोळीबार सुरू झाला, बाकीच्यांना मागे फिरावं लागलं. क्लाउदियोनोर त्यांच्यातलाच, त्याला पाठीवर टाकून आणलं.

आणि चौदा तारखेला तोफा चालल्याच. आकडे मीच बोललो. चर्च, मनोरा, चौक, सगळ्यांचे आकडे. आवाज कापला नाही, असं लेफ्टनंट साहेब नंतर म्हणाले. मला ते आठवत नाही.

सोळाला आम्ही गावात शिरलो. मनोरा नाही. घराचं छप्पर उडालंय, भिंती आहेत. तळघरात अकरा माणसं होती, त्यांत ओर्सोलामावशी. मी आईचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ती मेली असं मी चौदा सालीच कळवलं होतं. मग माझ्या बाहीवरच्या आमच्या सैन्याच्या चिन्हाकडे, चिलीम ओढणाऱ्या सापाकडे बघत विचारलं, की तोफा कोणाच्या होत्या. मी म्हटलं, आमच्या, आणि आकडे मी सांगितले. ती आत गेली आणि एक फावडं आणून माझ्या हातात दिलं. गावातली तीन माणसं तोफांनी गेली होती. मी संध्याकाळपर्यंत खणत होतो. मग तिने चेस्टनटच्या पिठाची भाकरी दिली, तीही पुढे सरकवून, हातात नाही.

इल्देऊला आमच्या लोकांनी खाली आणलं. तुझी घडी त्याच्या डाव्या खिशात होती. ती मी त्याच्याबरोबरच ठेवली. तुला परत हवी असती का, हे मला कळलं नाही.

फिर्मिनोकाकांना तार गेली असेल. तारेत वाटेचं लिहिलेलं नसतं.

अमादेऊ


इटली, ६ मे १९४५

चेझिरा,

चिरंजीव म्हणावं, तर मीच तुला मारून टाकलं होतं. तेव्हा मायना राहू दे.

तुझा मुलगा हे पत्र त्याच्या लष्करी टपालातून पाठवतो म्हणाला. लढाई संपली असं रेडिओवर सांगितलं. इथे घंटा वाजवायला मनोरा नाही, म्हणून बायकांनी तवे वाजवले.

तो दोनदा आला. पहिल्या वेळी मी त्याच्याशी धड बोलले नाही. शेजारच्या घरातली माणसं आम्ही अजून ढिगाऱ्यातून काढत होतो. दुसऱ्या वेळी आला तेव्हा बसला आणि मित्राचं सांगू लागला, तेव्हा कळलं, की तो टाकीपाशी पडलेला मुलगा कोण होता. म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

सुरुंग जर्मनांनी शरद ऋतूतच पेरले होते. आम्हा बायकांना टाकीच्या डाव्या कडेने जायचं हे ठाऊक होतं, कारण पाणी तेवढंच होतं. तुला ठाऊक असायचं कारण नाही. तू सांगितलीस ती वाट खरीच होती, चाळीस वर्षांपूर्वीची. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही.

बाराच्या पहाटे मोठा आवाज झाला आणि गोळ्या चालल्या. उजाडल्यावर मी बादली घेऊन निघाले. एक जण संपलेला होता. दुसरा जिवंत होता, पाय नव्हता. पाणी मागितलं ते कळलं, तुमच्या लोकांची भाषा तेवढी आपल्यासारखी आहे. पाजलं. परत फिरले तर म्हणाला, फेर्मी, फेर्मी. मला वाटलं, आपल्या भाषेतलं थांब म्हणतोय. म्हणून थांबले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. वरच्या खंदकातून एक जर्मन बघत होता, त्याने काही केलं नाही. मुलगा तेच म्हणत राहिला, आणि मी तेच उत्तर देत राहिले, की थांबले आहे, कुठे जात नाही. ऊन टाकीवर येईपर्यंत होता. वेदना शेवटी शेवटी नव्हत्या असं मला वाटलं, पण मी डॉक्टर नाही.

तुझ्या मुलाने सांगितलं, की त्या पोराच्या बापाचं नाव फिर्मिनो आहे. म्हणजे तो मला थांबवत नव्हता. तरी मी थांबले होते, एवढं त्या बापाला कळव.

मुलगा तुझ्यासारखा दिसतो. हट्टीही असावा. त्या दुसऱ्या वेळी छप्पर घालायला दोन दिवस राहिला होता, कौलं वाकडी बसवली.

उत्तर लिहायचं तर लिही. या वेळी मी वाट बघेन.

ओर्सोला


पेद्रा आल्ता, २५ मे १९४५

चि. अमादेऊ यास,
अ. आ.

तुझं हातपत्र मला मिळालं, पण माझ्या हातात नाही. क्लाउदियोनोर आला तेव्हा मी पाळीवर होते. कुबड्यांवर स्टेशनपासून चालत आला होता, घामाने निथळत. आईने त्याला बसवलं, कॉफी दिली, आणि पत्र माझं आहे हे कळल्यावरही तिला दम निघाला नाही. तिला इथली भाषा वाचता येत नाही, म्हणून तिने त्यालाच वाचायला सांगितलं. त्याला काय ठाऊक. त्याने पहिल्या ओळीपासून वाचलं. आईला यातलं काय सांगायचं ते तू ठरव, हेही वाचलं. मी घरी आले तेव्हा तो भिंतीला टेकून रडत होता आणि आई त्याच्या पुढ्यातला थंड झालेला कप बदलत होती.

तुला ठाऊक नाही अशी एक गोष्ट आहे. तुझं नऊ एप्रिलचं पत्र आलं, त्या दिवशी आई आनंदाने फिर्मिनोकाकांच्या भट्टीवर गेली होती. म्हणाली, माझ्या वाटेने तुझा पोरगा लवकर घरी येईल. काकांनी नाल बाजूला ठेवून तिच्यासाठी स्टूल पुसलं होतं. तो पोरगा तेव्हा जाऊन दोन आठवडे झाले होते आणि आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. तार चार मेला आली. आठला गावात युद्ध संपल्याची मिरवणूक निघाली, बँड भट्टीपाशी आल्यावर वाजवायचा थांबला आणि पुढच्या कोपऱ्यावर परत सुरू झाला.

क्लाउदियोनोर गेल्यावर आईने काळी शाल घेतली. मी म्हटलं, जाऊ नकोस, तारेत वाटेचं नाही, त्यांना कधीच कळणार नाही. ती म्हणाली, की त्याने घण घेतला तेव्हा आपलं काय जाईल याचा हिशेब केला होता का. मी सोबत गेले. तिने भट्टीच्या दारात उभं राहून सांगितलं, की तुझा मुलगा ज्या वाटेवर गेला ती मी सांगितलेली वाट. माझ्या बहिणीचं घर वाचावं म्हणून माझ्या मुलाने ती पुढे केली. काकांनी ऐकून घेतलं. भाता चालूच होता. मग त्यांनी दार ओढून घेतलं. आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं.

तेव्हापासून ती रोज कामावर निघाल्यासारखी जाते, बंद दारासमोर थोडा वेळ उभी राहते आणि परत येते. लोक बघतात. मी काय करू ते सुचत नाही. मला गिरणीत धागा तुटलेला दिसत नाही, मुकादम दोनदा ओरडला.

घडी त्याच्याजवळ ठेवलीस ते बरं केलंस. त्याबद्दल एवढंच.

तू कधी निघणार ते कळव. मनात काही ठेवू नकोस, आणि ठेवलंस तर घरी आणून ठेव.

एर्सीलिया


पेद्रा आल्ता, १४ जून १९४५

चि. अमादेऊ यास,
आईचे अ. उ. आ. वि. वि.

आई सांगते आहे. आज मी कंस घालणार नाही.

ओर्सोलाचं पत्र सोमवारी पोचलं. माझ्या भाषेतलं, म्हणून माझं मी वाचलं. तेवढं पत्र वाचायला अख्खी दुपार लागली. तिचं अक्षर अजून तसंच आहे, कोणी मागे लागल्यासारखं. मग उठले आणि भट्टीवर गेले. या वेळी दार ठोठावलं. फिर्मिनोला म्हटलं, माझ्याबद्दल बोलायला आले नाही, तुझ्या मुलाकडून निरोप आहे.

त्याने आत घेतलं. मी एक-एक ओळ वाचून तुमच्या भाषेत सांगत गेले. पाण्याचं सांगितलं. मांडीवर डोकं घेतल्याचं सांगितलं. त्या शब्दापाशी आले आणि पत्राची घडी घालू लागले. तो म्हणाला, की वाच. मी सांगितलं, की तो तुझं नाव घेत होता, आणि माझ्या बहिणीला वाटलं थांब म्हणतोय. त्याने मला तो शब्द तिने लिहिला तसाच म्हणायला लावला. मी म्हटला. परत एकदा म्हणायला लावला. मग उन्हाचं विचारलं, टाकीवर ऊन किती वाजता येतं. मी सांगितलं, एप्रिलमध्ये सातच्या सुमाराला. त्याने मान हलवली, जणू त्या वेळी आपण कुठे होतो ते तो आठवत होता.

 मग जे बोलला ते जसंच्या तसं सांगते, कारण ते तुझ्यासाठी आहे. म्हणाला, की माफ केलं असं मी म्हणणार नाही, ते आज माझ्याजवळ नाही, पुढे येईल का तेही ठाऊक नाही. पण तुझ्या मुलाला सांग, गाडीतून उतरला की आधी इथे यायचं. आईकडे नंतर. अंगावरचा गणवेश न बदलता यायचं, आणि बोटीत चढल्यापासून त्या सकाळपर्यंत माझा पोरगा काय खात होता, काय बोलत होता, कोणाशी भांडला, सगळं सांगायचं. वाटेचंही सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही गाळलं तर मला कळेल.

मी हो म्हटलं. तुला विचारलं नाही. वर्षभर तुझ्या चेहऱ्यासाठी डोळे लावून बसले आहे, पण स्टेशनवर मी येणार नाही. तू सरळ भट्टीवर जा. तो ठेवून घेईल तोवर थांब, जेव म्हणाला तर जेव, हाकलून दिलं तर पायरीवर बस. मी घरी आहे.

ओर्सोलाला उत्तर लिहिलं. तीन फाडली, चौथं पाठवलं. कौलं नीट करून निघ.

तुझी,
आई

ता. क. मी स्टेशनवर येईन, अमादेऊ. तुझ्याबरोबर भट्टीत आत येऊन बसणार आहे. मला कोणी बोलावलेलं नाही, पण मलाही ते सगळं ऐकायचं आहे.
एर्सीलिया